जुना फ्लॅश गेम आज खेळायला देताना

२००७ साली मी फ्लॅश ८ या गेम आणि हलती चित्रे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आट्यापाट्यांचा एक छोटा गेम तयार केला होता. ३२० बाय २४० पिक्सेलचा पडदा, सोळा रंग, नऊ पाट्या, प्रत्येक पाटीवर डावीउजवीकडे धावणारा एक चौकोनी गडी आणि त्यांना हुलकावणी देत पलीकडे जाऊन परत यायचे, एवढाच त्याचा जीव. दिसायला तो मुद्दाम ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओ गेमसारखा ठेवला होता. काही वर्षांपूर्वी ती फाइल जुन्या सीडीवर सापडली. ती मी उत्साहाने नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवली आणि सोबत ‘आधी हे प्लगिन बसवा, मग ही फाइल त्यात उघडा’ अशी चार ओळींची सूचना लिहिली. त्या दिवशी गेम एकानेही खेळला नाही. दोघांनी फोन करून ‘हा व्हायरस तर नाही ना’ असे विचारले, आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते.

घरी केलेला, प्लगिनवर (म्हणजे ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या पुरवणी सॉफ्टवेअरवर) चालणारा असा गेम आज लोकांपर्यंत कसा पोहोचवावा, हे त्या फसलेल्या प्रयत्नानंतर मी जे शिकलो त्यावरून येथे मांडत आहे. सर्व पायऱ्यांमागे एकच नियम आहे: खेळणाऱ्याला काहीही बसवायला सांगायचे नाही. प्लगिनचे ओझे गेम करणाऱ्याने उचलायचे आणि ते पानाच्या आतच बांधून द्यायचे.

प्लगिनचे काय झाले

क्रोमने एनपीएपीआय ही जुनी प्लगिन व्यवस्था २०१५ सालीच काढून टाकली आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅशचा अपवाद वगळता तेच केले. अडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच गेम चालवण्यास नकार देण्याची सोय आधीच त्यात करून ठेवली होती. त्यामुळे आज कोणी ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असे म्हणत असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहणेच शहाणपणाचे आहे. बनावट फ्लॅश प्लेअरच्या नावाखाली घातक सॉफ्टवेअर गळ्यात मारण्याची युक्ती फ्लॅश जिवंत असतानाही सर्रास वापरली जात होती. आपला गेम कितीही निरुपद्रवी असला, तरी तसे काही बसवण्याची सवय आपण कोणाला लावू नये.

आधी फाइल ओळखावी

सगळे जुने गेम फ्लॅशचे नसतात, म्हणून प्रथम फाइलचे शेपूट पाहावे. ‘डॉट एसडब्ल्यूएफ’ असेल तर तो फ्लॅशचा गेम आणि पुढचा बहुतेक लेख त्यासाठीच आहे. ‘डॉट जार’ किंवा ‘डॉट क्लास’ असेल तर तो जावा भाषेतला पानात चालणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे जावा अ‍ॅपलेट असण्याची शक्यता आहे. जावा ११ मध्ये अ‍ॅपलेट चालवणारे प्लगिन उरले नाही, पण चीअरपीजे नावाच्या साधनाने अ‍ॅपलेट ब्राउझरमध्ये चालवता येतो. ‘डॉट युनिटी३डी’ असेल आणि मूळ प्रकल्प आपल्याजवळ असेल, तर तो युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडून वेबजीएलसाठी, म्हणजे प्लगिनशिवाय ब्राउझरमध्ये चालेल असा, पुन्हा बांधणे हाच सरळ मार्ग आहे. ‘डॉट डीसीआर’ म्हणजे शॉकवेव्ह, फ्लॅशसारखेच आणखी एक जुने प्लगिन. याचे प्रकरण सर्वांत अवघड असून, असा गेम पानात बसवण्यापेक्षा जुने गेम जतन करणाऱ्या प्रकल्पाकडे सोपवलेला बरा.

एसडब्ल्यूएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगम्य चिन्हांच्या आधी तीन इंग्रजी अक्षरे दिसतात. ‘एफडब्ल्यूएस’ असल्यास फाइल दाबलेली नाही, ‘सीडब्ल्यूएस’ असल्यास ती झिपसारख्या पद्धतीने दाबलेली आहे आणि ‘झेडडब्ल्यूएस’ असल्यास दाबण्याची पद्धत आणखी नवी आहे. ही तीनही अक्षरे दिसली नाहीत, तर फाइल खराब झालेली आहे किंवा ती एसडब्ल्यूएफच नाही, आणि पुढे वेळ घालवण्याआधी दुसरी प्रत शोधावी. नोटपॅडमधून बाहेर पडताना फाइल जतन करू नये, हे सांगायला नकोच.

यापेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे गेम फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा असलेल्या अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या कोणत्या पिढीत लिहिला आहे. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ आणि २ हे एका जुन्या यंत्रणेवर चालत, तर २००६ साली फ्लॅश प्लेअर ९ सोबत आलेले अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ पूर्णपणे वेगळ्या यंत्रणेवर चालते. फ्लॅश ८ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत केलेला गेम निश्चितपणे पहिल्या गटातला असतो, आणि तो आज चालण्याची शक्यता खूप चांगली असते. नक्की माहीत नसल्यास जेपीईएक्सएस फ्री फ्लॅश डीकंपायलर हे मोफत साधन घ्यावे. ते फाइल उघडून चित्रे, आवाज, फॉन्ट, कोड आणि फाइलच्या माथ्यावरची माहिती वेगवेगळी दाखवते. ज्यांच्याकडे फ्लॅशमध्ये बदल करता येणारी मूळ एफएलए फाइल उरलेली नाही (माझी एका जळालेल्या हार्ड डिस्कबरोबर गेली) त्यांच्यासाठी तर हे साधन म्हणजे संजीवनीच आहे.

याच साधनात गेमच्या बाहेर हात पसरणाऱ्या गोष्टी शोधून काढाव्यात. गेम एखादी दुसरी एसडब्ल्यूएफ किंवा एक्सएमएल फाइल मागवतो का, उच्चांक साठवण्यासाठी कोणत्या सर्व्हरला निरोप पाठवतो का, आणि ठरावीक संकेतस्थळाबाहेर चालू नये म्हणून त्याला कुलूप लावलेले आहे का, हे पाहावे. माझ्या गेममध्ये पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या, तिसरी मात्र निघाली. गेम कोणी उचलून नेऊ नये म्हणून मीच पहिल्या फ्रेमवर पत्ता तपासणारी अट लिहिली होती आणि तो पत्ता पुढे मीच नूतनीकरण न करता सोडून दिला होता. चोरासाठी लावलेल्या कुलपाने मालकच बाहेर राहिला. ती अट काढून फाइलची नवी प्रत जतन केली तेव्हा गेम पहिल्यांदा उघडला.

हक्कांचा हिशेब

ही पायरी बहुतेक जण शेवटी ढकलतात, पण ती आधी केल्यास कष्ट वाचतात. विद्यार्थिदशेत आपण दुसऱ्या गेममधली चित्रे, कुठल्या तरी संकेतस्थळावरचे आवाज आणि चित्रपटगीताची चाल बिनधास्त वापरलेली असते. चाल आठ-बिटच्या पिपाणीसारख्या आवाजात वाजवली म्हणून ती आपली होत नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि वाद्य बदलल्याने रचना बदलत नाही. मी माझ्या गेममधली एक लोकप्रिय चाल काढून तिथे स्वतः रचलेले चार स्वरांचे आवर्तन बसवले. त्याने गेमचे काही बिघडले नाही. चित्रे किंवा फॉन्ट मुक्त परवान्याखाली घेतले असतील, तर त्या परवान्यात श्रेय देण्याची अट आहे का ते पाहून श्रेय पानावर लिहावे.

रफलमध्ये पहिली चाचणी

फ्लॅशचे गेम आज प्लगिनशिवाय चालतात ते मुख्यतः रफल या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. ते रस्ट भाषेत लिहिलेले असून ब्राउझरसाठी वेबअसेंब्ली या, ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या स्वरूपात मिळते. जुने प्लगिन संगणकात वेगळे बसत असे आणि त्याला संगणकाच्या आत डोकावण्याची मोकळीक असे. रफल मात्र इतर कोणत्याही पानासारखे ब्राउझरच्या कुंपणात राहून काम करते, त्यामुळे खेळणाऱ्याच्या दृष्टीने ते केवळ एक वेबपान असते. जुन्या डिजिटल गोष्टी जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपला फ्लॅश संग्रह याच आधारावर खुला केला.

रफलच्या संकेतस्थळावरील चाचणीच्या पानावर आपली एसडब्ल्यूएफ फाइल निवडली की ती तिथेच सुरू होते. हे करताना केवळ सुरुवातीचे चित्र दिसले म्हणून समाधान मानू नये. पूर्ण डाव खेळावा, हरून पाहावे, जिंकून पाहावे, आवाज बंद-चालू करावा, उच्चांक करून पान पुन्हा उघडावे. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ चे गेम सहसा या परीक्षेत उत्तीर्ण होतात. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ च्या गेममध्ये एखादी सुविधा अपुरी असल्यास पडदा एखाद्या ठिकाणी थिजतो, आणि तेव्हा ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (त्रुटींचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) कोणती गोष्ट सापडली नाही याचा संदेश मिळतो.

माझा गेम चालला, पण खेळता येईना. दुसऱ्या पाटीवरचा गडी डोळ्यांदेखत झपकन यायचा आणि डाव तीन सेकंदांत संपायचा. मला आधी रफलचा दोष वाटला. डीकंपायलरमध्ये फाइलचा माथा पाहिला तेव्हा तिथे सेकंदाला ४० फ्रेम (म्हणजे चित्रे) असा वेग लिहिलेला होता, आणि मग सगळा उलगडा झाला. २००७ सालचा माझा संगणक ४० फ्रेमच्या जवळपासही पोहोचत नव्हता. तो धापा टाकत जेमतेम निम्म्या वेगाने गेम चालवायचा आणि गड्यांची चाल मी त्या धापांना जुळेल अशी बेतली होती. आजचा संगणक माझे लिहिलेले शब्दशः पाळत होता. त्याच माथ्यावरचा आकडा २० केला आणि गेम पुन्हा ओळखीचा झाला. जुन्या गेममध्ये हालचालींची गणना प्रत्येक फ्रेमला होत असल्याने हा अनुभव अनेकांना येईल. असे झाल्यास कोडला हात लावण्याआधी हा एक आकडा तपासावा.

मराठी मजकुराची खास अडचण

ज्यांनी त्या काळी मराठीत गेम केले, त्यांना वेगळीच डोकेदुखी आठवत असेल. फ्लॅशच्या साध्या मजकुरात युनिकोड मराठी टाकले, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरे पाय मोडून एकेक सुटी उभी राहायची. क्लिष्ट लिप्या नीट जुळवणारी यंत्रणा २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० मध्ये आली. तोवर आपल्यापैकी बहुतेकांनी युनिकोडपूर्व फॉन्ट वापरले, किंवा ‘ब्रेक अपार्ट’ ही आज्ञा दोनदा देऊन अक्षरांची चित्रे करून टाकली.

चित्रे केलेली अक्षरे आज जशीच्या तशी दिसतात. स्थिर मजकुराबरोबर फॉन्टचे आकारही फाइलमध्ये जातात, त्यामुळे तोही सहसा टिकतो. घोळ होतो तो गुणसंख्या किंवा संदेश दाखवणाऱ्या बदलत्या चौकटींमध्ये. तिथे फॉन्ट फाइलमध्ये घातलेला नसेल, तर खेळणाऱ्याच्या संगणकावर तो जुना फॉन्ट नसल्याने ‘शाब्बास’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंसांची रांग उभी राहते. अशा चौकटी मोजक्या असतील तर त्यांच्या जागी मजकुराचे चित्र बसवावे. गेमचे नियम आणि कळांची माहिती मात्र गेममध्ये ठेवण्याचा हट्ट न धरता गेमखाली, पानावरच साध्या युनिकोड मराठीत लिहावी, म्हणजे ती वाचताही येते आणि शोधयंत्रांना सापडतेही.

पान बांधणे

आता एक फोल्डर तयार करावे. त्यात मुख्य एचटीएमएल पान, एसडब्ल्यूएफ फाइल आणि एक उपफोल्डर ठेवावे. रफलच्या संकेतस्थळावरून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यासाठीचा संच डाउनलोड करून तो या उपफोल्डरमध्ये पूर्ण उघडावा. त्यातली एकच जावास्क्रिप्ट फाइल पानात जोडायची असते, पण ती उरलेल्या फाइली स्वतः हाक मारून आणते, म्हणून ‘बाकीच्या कशाला’ असे म्हणून त्या गाळू नयेत. विशेषतः ‘डॉट वॅझम’ शेपटाच्या फाइलमध्येच सगळी यंत्रणा असते.

पानाच्या माथ्यावर त्या जावास्क्रिप्ट फाइलचा दुवा देणारा स्क्रिप्ट टॅग लिहावा आणि मध्ये जुन्या पद्धतीचाच एम्बेड किंवा ऑब्जेक्ट टॅग रुंदी-उंचीसह ठेवावा. रफल पान उघडताच असे टॅग शोधून त्यांच्या जागी स्वतःला बसवते, त्यामुळे जुने पान हाताशी असेल तर त्यात एका ओळीची भर पुरते. स्वयंचलित सुरुवात किंवा पार्श्वरंग यांसारख्या गोष्टी बदलायच्या असतील, तर त्या लहानशा मांडणीत लिहून ती मुख्य स्क्रिप्टच्या आधी ठेवावी.

फोल्डर तयार झाल्यावर पानावर दोनदा टिचकी मारून ते उघडण्याचा मोह होतो आणि गेम काही सुरू होत नाही. यात आपली चूक नसते. थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारच्या फाइली मागवण्याची परवानगी ब्राउझर देत नाही. संगणकावर पायथन असेल, तर त्यात अंगभूत असलेला छोटा वेब सर्व्हर त्या फोल्डरमध्ये सुरू करून पान स्थानिक पत्त्यावरून उघडावे. पुढे स्वतःच्या सर्व्हरवरही गेम सुरू झाला नाही, तर तो सर्व्हर वॅझम फाइल योग्य प्रकाराच्या नावाने पाठवत नसल्याचा संशय प्रथम घ्यावा.

माझी एसडब्ल्यूएफ फाइल ३८० किलोबाइटची आणि तिला चालवणारे रफल काही मेगाबाइटचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. पण हा मसाला खेळणाऱ्याच्या नजरेआड शिजतो आणि एकदा आणला की ब्राउझर तो साठवून ठेवतो. काही जण तो आपल्याकडे न ठेवता दूरच्या सामाईक सर्व्हरवरून थेट ताजी आवृत्ती जोडतात. रफलच्या नव्या आवृत्त्या जवळपास रोज निघतात, त्यामुळे हा मार्ग सोपा वाटतो. माझे मत उलट आहे: चाचणी केलेली प्रतच जवळ ठेवावी आणि काही महिन्यांनी नवी आवृत्ती पुन्हा पूर्ण डाव खेळून मगच बदलावी. नाहीतर आपण झोपेत असताना गेम सुधारतो किंवा बिघडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पिक्सेल, कळा आणि आवाज

जुन्या धाटणीच्या गेमची शोभा त्याच्या ठसठशीत चौकोनांत असते आणि ती मोठ्या पडद्यावर पुसट होते. यावर दोन उपाय आहेत. गेमचा आकार नेहमी पूर्ण पटीत वाढवावा, म्हणजे ३२० बाय २४० चा गेम ६४० बाय ४८० किंवा ९६० बाय ७२० दाखवावा. ८०० बाय ६०० केल्यास एक पिक्सेल अडीच पिक्सेलचा होऊ पाहतो आणि कडा वाकड्या दिसतात. दुसरे म्हणजे एम्बेड टॅगमधला दर्जा (क्वालिटी) मुद्दाम ‘लो’ ठेवावा. एरवी हलका वाटणारा हा पर्याय कडा आणि चित्रे गुळगुळीत करणे थांबवतो आणि इथे आपल्याला तेच हवे असते.

गेम सुरू होण्यासाठी एक टिचकी मारावी लागेल अशीच व्यवस्था ठेवावी. त्या एका टिचकीने दोन कामे होतात. ब्राउझर वापरकर्त्याने स्पर्श केल्याखेरीज आवाज वाजू देत नाहीत, ती अट पुरी होते. शिवाय कीबोर्डचा ताबा गेमकडे जातो. हा ताबा नसेल तर खालच्या बाणाची कळ दाबल्यावर गडी न हलता अख्खे पान खाली सरकते. त्यातूनही काळजी म्हणून पान इतके आखूड ठेवावे की गेम आणि सूचना एका पडद्यात मावतील.

मोबाइलचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही, कारण दुवा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच जाणार आणि फोनवरच उघडला जाणार. माउसवर चालणारा गेम बोटाने खेळता येतो, बाणांच्या कळांवर चालणारा नाही. मूळ फाइल असेल तर पडद्यावर चार बटणे काढून द्यावीत. नसेल तर पानाच्या वरच्या ओळीत आणि निरोपातही ‘हा गेम लॅपटॉपवर, कीबोर्डने खेळायचा आहे’ असे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या वेळी मी हे वाक्य पहिलेच ठेवले, आणि भाच्याने रात्री लॅपटॉप उघडून पहाटेपर्यंत माझा सतरा वर्षांपूर्वीचा उच्चांक मोडला.

कुठे ठेवावा

साध्या स्थिर पानासाठी गिटहब पेजेस पुरते, आणि गेमच्या गर्दीत राहायचे असेल तर इच डॉट आयओ. इचवर फोल्डरची झिप फाइल चढवावी लागते आणि मुख्य पानाचे नाव ‘इंडेक्स’ असावे लागते, आणि ते झिपच्या आत अगदी वरच्या पातळीवर ठेवलेले बरे.  चढवल्यावर ही फाइल ब्राउझरमध्ये खेळायची आहे अशी खूण करून चौकटीची रुंदी-उंची द्यावी. दोन्हीकडे फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. विंडोजवर ती एकच मानली जात असल्याने घरी चाललेला गेम इंटरनेटवर नेल्यावर कोरा दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. सर्व नावे लहान अक्षरांत, जागा न सोडता लिहावीत.

उच्चांक आणि साठवलेले डाव रफल ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवते आणि ते त्या पत्त्याला बांधलेले असतात. गेम दुसरीकडे हलवला, की खेळणाऱ्यांचे उच्चांक मागे राहतात. म्हणून पत्ता आधी ठरवावा आणि मगच दुवा वाटावा. वाटण्यापूर्वी तो ब्राउझरच्या खासगी खिडकीत आणि शक्य तर दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावा, कारण आपल्या ब्राउझरने जुन्या प्रती साठवलेल्या असतात आणि त्या आपल्याला खोटा दिलासा देतात.

गेम पानावर व्यवस्थित चालू लागला तरी एक काम उरते. मूळ एसडब्ल्यूएफ फाइल बदल न करता वेगळी ठेवावी आणि तिची प्रत इंटरनेट अर्काइव्हला किंवा फ्लॅशपॉइंट या २०१८ पासून चालू असलेल्या वेबगेम-जतन प्रकल्पाला द्यावी. मी दोन्ही फाइली एकत्र दिल्या. एकीत ४० फ्रेमचा वेग आणि पहिल्या फ्रेमवरचे कुलूप तसेच आहे, दुसरीत वेग २० आहे आणि कुलूप नाही, आणि सोबतच्या टिपणीत कोणती फाइल खेळायची व कोणती मूळ आहे ते लिहिले आहे.